स्नोमोबाइल घ्यायचीय? आधी बर्फ बघा, मग इंजिन

आपल्याकडच्या बऱ्याच जणांची स्नोमोबाइलशी पहिली गाठ गुलमर्गला पडते. चालवणारा पुढे, आपण मागे त्याला घट्ट धरून, दहा मिनिटांची फेरी, फोटो, आणि उतरल्यावर कहवा. हौस तिथेच फिटते. पण नोकरीनिमित्त मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारिओ असल्या ठिकाणी येऊन पडलं की नोव्हेंबर ते मार्च करायचं काय, हा प्रश्न खरोखरचा होतो. शेजाऱ्याच्या गराजमध्ये दोन स्लेड उभ्या असतात. (इथे बोलताना ‘स्लेड’च म्हणतात; अलास्कात ‘स्नोमशीन’.) एका शनिवारी तो बोलावतो, आणि सोमवारी तुम्ही ऑफिसात काम सोडून जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळत बसता.

मीही तसाच बसलो आणि पहिलीच गाडी चुकीची घेतली. डोंगरावरची होती: 154 इंची ट्रॅक (गाडीखाली फिरणारा, तिला पुढे ढकलणारा रबरी पट्टा), त्यावर अडीच इंच उंच रबरी दात, 800 सीसीचं इंजिन. फोटोत देखणी, भावही बरा. फक्त मी राहतो तिथे डोंगर नाही. मिनेसोटातला सगळ्यात उंच माथा ईगल माउंटन, 2,301 फूट. कळसूबाईच्या निम्म्यालाही पोचत नाही. जानेवारीत एका गोठलेल्या तळ्यावरून चाललो होतो. वाऱ्याने वरचा भुसभुशीत थर उडवून नेलेला, खाली नुसती काच. दोनेक मैलांत तापमानाचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ प्लास्टिक जळल्याचा वास आला. उणे 25 सेल्सिअसला, इंजिन गार व्हावं म्हणून, मी वीस मिनिटं तळ्याच्या मधोमध उभा होतो.

झालं काय होतं, ते समजून घ्या, कारण गाडी निवडण्याचं निम्मं गणित त्यातच आहे. लिक्विड-कूल्ड स्लेडला मोटारीसारखा पुढे मोठा रेडिएटर नसतो. सीटखालच्या अॅल्युमिनियमच्या बोगद्यात, म्हणजे टनेलमध्ये, कूलर बसवलेले असतात. ट्रॅक फिरताना जो बर्फ उडवतो तो त्यांच्यावर आपटतो आणि कूलंट गार होतं. ट्रॅकच्या आत ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात (त्यांना हायफॅक्स म्हणतात) त्यांनाही वंगण म्हणून बर्फच लागतो. भुसभुशीत बर्फ नाही, तर गारवा नाही आणि वंगणही नाही. भुसभुशीत स्नो आणि काचेसारखा आइस, मराठीत आपण दोन्हींना ‘बर्फ’ म्हणून मोकळे होतो. स्लेडच्या लेखी त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिली पायरी: कागदावर खरं खरं लिहा

मागच्या हिवाळ्यात किती शनिवार-रविवार रिकामे होते? त्यातले किती दिवस बर्फ पुरेसा होता? सगळ्यात जवळचा ट्रेल, म्हणजे स्लेडसाठी आखलेली वाट, किती मैलांवर आहे, आणि तो ग्रूमर फिरवून सपाट केलेला असतो का? सोबत कोण असेल: एकटे, मित्रांबरोबर, की बायको मागे बसणार? आणि ज्यांच्याबरोबर जाणार त्यांच्याकडे काय आहे? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. चौघे जण ट्रेलवर पन्नासच्या वेगाने जाणारे आणि तुम्ही कामाच्या जड गाडीवर, तर दिवसभर त्यांची पाठच बघाल.

दहातले आठ दिवस जिथे जाणार आहात तिथली गाडी घ्या. उरलेल्या दोन दिवसांसाठी, म्हणजे ‘कधीतरी मोंटानाला जाऊ’ यासाठी, तिथे भाड्याने मिळते. मी उलटं केलं होतं.

दुसरी पायरी: ट्रॅकचे तीन आकडे वाचायला शिका

जाहिरातीत कुठेतरी ‘15 × 137 × 1.25’ असं लिहिलेलं असतं. रुंदी, लांबी आणि दातांची उंची, सगळं इंचांत. क्रम कधी उलटा असतो, पण सगळ्यात मोठा आकडा लांबीचा. विक्रेता अश्वशक्तीबद्दल बोलत राहील. तुम्ही आधी हे तीन आकडे विचारा.

लांबी वाढली की गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं आणि ती खोल बर्फात रुतत नाही. पण वळायला जड होते. रुंदी वाढली की तरंगणं आणखी वाढतं, पण गाडी कुशीवर कलवणं अवघड होतं. दात उंच असले की भुसभुशीत बर्फ वल्ह्यासारखा मागे सारतात. तेच दात कडक ट्रेलवर वाकतात, थरथरतात, तापतात आणि तुटतात. उलट सव्वा इंची दातांची गाडी घेऊन तीन फूट ताज्या पावडरमध्ये शिरलात, तर ती जागच्या जागी खड्डा खणते. मग साडेचारशे पौंडांचं धूड फावड्याने मोकळं करताना अंगातला घाम थर्मलमध्ये गोठतो.

चौथा आकडा बारीक अक्षरांत असतो: पुढे बर्फावर घसरणाऱ्या दोन स्कींमधलं अंतर. ट्रेलच्या गाडीत ते साधारण 42-43 इंच असतं, म्हणजे वळणावर ती पाय रोवून उभी राहते. डोंगरी गाडीत 35 ते 39 इंच, कारण तिथे उतारावर आडवं जाताना गाडी मुद्दाम एका कुशीवर उचलून चालवायची असते. ट्रेलवर अशी अरुंद गाडी प्रत्येक वळणाला आतली स्की उचलते. पहिल्यांदा मजा वाटते, पण चाळिसाव्या मैलाला खांदे बोलायला लागतात.

तिसरी पायरी: आपला प्रकार ओळखा

*ट्रेल.* 120 ते 137 इंच ट्रॅक, एक ते दीड इंच दात. मिनेसोटात 22,000 मैलांच्या आसपास ट्रेल आहेत, विस्कॉन्सिनात त्याहून थोडे जास्तच. बहुतेक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. डुलुथहून ग्रँड मरेला जाणारा नॉर्थ शोअर ट्रेल एकटाच 146 मैलांचा. असल्या रस्त्यांसाठीच ही गाडी. पोलारिसची इंडी, स्की-डूची एमएक्सझी, आर्क्टिक कॅटची झेडआर ही नावं सतत कानावर येतील. पहिली गाडी घेणाऱ्या दहापैकी सात जणांना मी डोळे मिटून 600च्या इंजिनची, 129 किंवा 137 इंची ट्रेल गाडी सांगेन. 137 इंच ट्रॅक खड्ड्यांवरून अलगद जातो. दुपारनंतर ट्रेलवर जे उंचवटे तयार होतात तिथे कंबर वाचते.

*क्रॉसओव्हर.* 137 ते 146 इंच, कधी 154; दात दीड ते दोन इंच. ट्रेलवर ऐंशी टक्के आणि कडेच्या मोकळ्या माळावर वीस टक्के, असा हिशेब असेल तर हीच. मिशिगनचं केविनॉ द्वीपकल्प हिचं माहेर म्हणावं असं: लेक सुपिरिअरच्या वाफेमुळे तिथे हंगामात 200 इंचांहून जास्त बर्फ पडतो, ट्रेल आहेतच आणि ट्रेल सोडलं की कमरेइतकं खोल. ‘दोन्हीकडे चालते’ म्हणजे दोन्हीकडे थोडी कमी पडते, हे मान्य करून घ्या. मी आज हीच चालवतो.

*टूरिंग.* दोघांची बैठक, मागच्याला पाठ टेकायला आधार, त्याच्याही मुठींना हीटर, उंच काच, सामानाचे कप्पे. क्युबेकमध्ये हिचा खरा उपयोग दिसतो. तिथे गावागावांतून ट्रेल जातात, हॉटेलच्या दारात गाडी लावायची, पेट्रोल तिथेच, सकाळी पुढच्या गावाला. स्की-डू मुळात तिथलीच. जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिए यांनी व्हालकूर गावातून 1959 साली ती बाजारात आणली. जोडीने फिरायचं असेल तर इथे काटकसर करू नका. एकट्याच्या गाडीवर मागे कुणाला चिकटवून बसवणं धोक्याचं आहे, आणि त्या फेरीनंतर घरातून ‘स्लेड’ या शब्दालाच बंदी येते. काही गाड्यांची मागची सीट काढता-घालता येते. वर्षातून चार-पाच वेळाच जोडीने जाणार असाल तर तेवढी पुरे.

*डोंगरी.* 146 ते 175 इंच, सव्वादोन ते तीन इंच दात, अंगाने हलकी. वायोमिंग, आयडाहो, मोंटानातलं कुक सिटी, ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक इथली. पोलारिसची आरएमके, स्की-डूची समिट. ही बसून चालवायची नसतेच. उभं राहून, अंगाचा भार टाकून वळवायची. या गाडीच्या किमतीत हिमस्खलनाची तयारी धरा: बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, प्रत्येकाच्या अंगावर वेगळं, आणि ते वापरायचं शिक्षण. ते खर्चात बसत नसेल तर गाडीही बसत नाही असं समजा.

*कामाची.* 20 किंवा 24 इंच रुंद ट्रॅक, लो-हाय गिअर, मागे ओढगाडी लावायची सोय. तळ्यावर मासेमारीची झोपडी ओढणारे, केबिनपर्यंत लाकडं नेणारे, लॅपलँडात रेनडिअर राखणारे हिला धरून असतात. देखणी नाही आणि वेगवानही नाही. पण तुमची केबिन रस्त्यापासून दोन मैल आत असेल तर बाकी सगळ्या गाड्या विसरा.

मुलांसाठी 120 आणि 200च्या छोट्या गाड्या वेगळ्या मिळतात. 120ची जेमतेम पळणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते; अंगणात आणि तळ्याच्या कडेला तेवढं पुष्कळ.

चौथी पायरी: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

चेतक, आरएक्स 100 किंवा लुना चालवलेल्या पिढीला टू-स्ट्रोकचा तो निळसर वास सांगायला नको. गंमत म्हणजे स्लेडच्या दुनियेत तो इतिहासजमा झालेला नाही. डायरेक्ट इंजेक्शनमुळे धूर खूप कमी झालाय, आणि वजनाच्या मानाने ताकद अजून टू-स्ट्रोकचीच जास्त. साधारण 600ला 120-125 अश्वशक्ती, 850ला 165च्या घरात. ऑइल मात्र टाकत राहावं लागतं. त्याचा कॅन सोबत ठेवा.

फोर-स्ट्रोक शांत, पेट्रोलला परवडणारी, लांब पल्ल्याला टिकणारी. पण जड, आणि थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच ब्रेक लावतं. टू-स्ट्रोकची सवय असलेला त्या झटक्याने पुढे झुकतो. दिवसाला दीडशे मैल ट्रेल करणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावी. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याने, किंवा जो ट्रेल सोडून रुतणार आहे त्याने टू-स्ट्रोक. शंभर पौंड जास्त की कमी, हे गाडी खड्ड्यातून ओढताना कळतं.

उंचीचंही बघा. हवा विरळ झाली की दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते. नऊ हजार फुटांवर 165ची गाडी 120च्या आसपास उरते. म्हणून डोंगरातले लोक टर्बोवर पैसे घालतात. कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक स्की-डूने 2020च्या मॉडेलपासून आणली. मिनेसोटाच्या पठारावर टर्बो घेणं म्हणजे केवळ शेजाऱ्याला सांगायला.

गिअर नसतात. आपल्या ॲक्टिव्हात असतो तसाच बेल्ट आणि दोन क्लच. हा बेल्ट तुटतो, आणि तुटतो तो गावापासून लांब असतानाच. जास्तीचा एक बॉनेटखाली ठेवा आणि घरी, उजेडात, हातमोजे काढून एकदा बदलून बघा. नंतर हातमोजे घालून. इलेक्ट्रिक स्टार्टर नसलेली गाडी स्वस्त आणि हलकी असते, पण दोरी ओढून बघितल्याशिवाय घेऊ नका. उणे 20 ला गोठलेलं 850 तुमचा खांदा जागेवर ठेवील याची खात्री नाही. रिव्हर्सची एक मौज: बऱ्याच टू-स्ट्रोकांत बटण दाबलं की इंजिन क्षणभर विझतं आणि उलट दिशेने फिरायला लागतं. पहिल्यांदा वाटतं बंद पडली.

पाचवी पायरी: बसून बघा, उभं राहून बघा

हेल्मेट, जॅकेट, बूट, सगळं चढवून दुकानात जा. लाज वाटते, जा. उभं राहिल्यावर हँडल गुडघ्यांना लागतं का? बुटासकट पाय रनिंग बोर्डवर नीट बसतो का? जाड हातमोज्यात थ्रॉटल दाबणारा अंगठा दुखतो का? आपल्याकडची माणसं इथल्या सरासरीपेक्षा बुटकी असतात, त्यामुळे हँडलची उंची आणि सीट यांत फरक जाणवतो. हँडल खाली-वर करायचे जोड मिळतात, फार महाग नसतात. सस्पेन्शनचा ताणही वजनाप्रमाणे बसवून मागा; साठ किलोच्या माणसाला शंभर किलोची स्प्रिंग दिली तर प्रत्येक उंचवट्यावर तो सीटवरून उडणार.

सहावी पायरी: नवी की जुनी

नवी मोठी गाडी बहुतेक 12 हजार डॉलरांच्या पुढेच. डोंगरी टर्बो त्याहून बरीच वर. शिवाय ट्रेलर, विमा, नोंदणी, कपडे. पुढच्या हंगामाच्या गाड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जाहीर होतात आणि वसंतात आगाऊ ऑर्डर देणाऱ्याला सवलत किंवा जास्त वॉरंटी मिळते. जुनी गाडी घ्यायची तर एप्रिल-मे उत्तम. पहिला बर्फ पडला की तीच गाडी महाग होते.

जुनी बघायला जाताना मालकाला आधी सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर समजा, गार असताना ती नखरे करते. मग मागची बाजू उचलून ट्रॅक हाताने फिरवा. तुटलेले दात मोजा, रबरातून फायबरचे तुकडे बाहेर आलेत का बघा. हायफॅक्सवर झिजेची रेघ असते. तिच्या खाली गेलं असेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. स्की धरून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ आली तर बुश किंवा जोड गेलेत. टनेल आणि पुढचा सांगाडा टॉर्चने बघा. सुरकुती किंवा नवा रंग म्हणजे झाडाची भेट झालेली आहे. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, वीस-तीस डॉलरांत मिळतो. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर हात जोडून निघा. टनेलवरचा नंबर कागदाशी जुळवायला विसरू नका.

कंपनीपेक्षा डीलर किती जवळ आहे ते बघा. हंगाम बारा-तेरा आठवड्यांचा, त्यात दोन आठवडे भागाची वाट बघण्यात जातात. यामाहाने 1968पासून चाललेलं स्नोमोबाइलचं उत्पादन 2025च्या मॉडेलनंतर बंद केलं. तिची जुनी फोर-स्ट्रोक इंजिनं टिकाऊ म्हणून लोक अजून शोधतात, पण घेण्यापूर्वी जवळच्या दुकानाला विचारा की तुम्ही हिला हात लावाल का.

सातवी पायरी: एक दिवस भाड्याने

ज्या प्रकारावर मन बसलंय तो प्रकार एक दिवस भाड्याने चालवा. तासभर नको, दिवसभर. दुपारी तीन वाजता, ट्रेल खराब झाल्यावर, गाडी आणि आपली पाठ दोन्ही खरं बोलतात. पेट्रोल किती लागलं ते टिपून ठेवा. टाकी 35-45 लिटरची असते आणि उत्तरेकडे दोन पंपांमधलं अंतर मोठं.

त्याआधी कायद्याचं उरकून घ्या. मिनेसोटात 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्या रहिवाशाला सार्वजनिक जागेत चालवायला सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना. सार्वजनिक जमिनीवर आणि तळ्यांवर वेगमर्यादा ताशी 50 मैल. तळ्यावर जाण्यापूर्वी बर्फाची जाडी मोजा: नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाला स्लेडसाठी निदान पाच ते सात इंच हवेत, पांढऱ्या बर्फाला त्याच्या दुप्पट. प्रवाह येऊन मिळतो तिथे आणि पुलाखाली मोजमापावरही विसंबू नका.

कडक ट्रेल आणि गोठलेली तळी हेच तुमचं रोजचं असेल तर स्क्रॅचर लावून घ्या. रेलवर, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या ज्या दांड्यांवर हायफॅक्स बसतात त्यांवर, बसणाऱ्या स्प्रिंगच्या दोन तारा. बर्फ ओरबाडून भुगा वर कूलरवर उडवतात. माझ्या 154 इंचीला त्या बसवल्यावर लाल दिवा पुष्कळ कमी लागायला लागला, वळणं तेवढी तशीच राहिली. मार्चच्या शेवटी मोंटानाला बदली झालेला एक तरुण ती घ्यायला आला. त्याने आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावला. गार होतं.